काड्यांनी वजाबाकी येते, मग वहीत का चुकते?

तिसरीची_ताई:
नमस्कार सगळ्यांना. तिसरीला शिकवते, वर्गात ३८ मुलं. तीन आठवडे झाले हातच्याची वजाबाकी काड्या-गठ्ठ्यांनी (दहा काड्यांचा एक गठ्ठा) घेतेय. काड्या हातात असल्या की जवळजवळ सगळ्यांना जमतं, ५२ मधून २७ काढा म्हटलं की पाच गठ्ठे दोन सुट्या मांडतात, एक गठ्ठा सोडतात, बारातून सात बाजूला करतात, दोन गठ्ठे उचलतात, राहिल्या २५, अगदी बरोबर. आणि काड्या गोळा करून वह्या काढल्या की निम्मी मुलं त्याच गणिताचं उत्तर ३५ लिहितात! सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. परवा एकाला विचारलं, अरे आत्ता तर काड्यांनी २५ आलं होतं ना? तर म्हणाला, "ते काड्यांचं उत्तर, हे वहीचं." मला पुढे काय बोलावं सुचेना, त्याला दोन्ही बरोबरच वाटत होती. काड्या बंद करून सरळ सराव घेऊ का? सोबतच्या शिक्षिका म्हणतात वेळ वाया गेला, पण मला ते पटत नाहीये.

सुटा_गठ्ठा:
ताई, काड्या अजिबात बंद करू नका. त्या मुलानेच तुम्हाला दुखणं सांगितलंय. काड्या हा एक खेळ आणि वही हे दुसरं काम, दोन्ही एकच आहे हे त्याला अजून दिसलेलं नाही. आपल्याला गठ्ठ्यात दशक दिसतो कारण दशक आपल्याला आधीच माहीत असतो, त्याला मात्र रबर लावलेल्या काड्या दिसतात. मीही आधी काड्या मग वही असंच घ्यायचो आणि हेच व्हायचं. आता वही काड्यांशेजारी उघडीच असते. हाताने एक गोष्ट केली की तिथेच थांबायचं आणि तेवढंच लिहायचं. गठ्ठा सोडला? मग आधी वहीत ५ खोडून ४ करा, २ च्या जागी १२ लिहा, तोपर्यंत एकाही काडीला हात लावायचा नाही. जोडीत एक जण काड्या हलवतो, दुसरा लिहितो, पुढच्या गणिताला अदलाबदल. आणि जमायला लागलं की उलटं घ्या, शेजारच्या जोडीने नुसती वही वाचून काड्या मांडायच्या, त्यात कोण नुसतं उतरवत होतं ते लगेच कळतं. जोड्या केल्या की साहित्यही कमी लागतं, ६० च्या आतली गणितं घेतली तर १९ जोड्यांना ११४० काड्या पुरतात, प्रत्येकाला वेगळ्या द्यायच्या तर २२८० लागल्या असत्या आणि त्यांचे गठ्ठे बांधण्यातच तास जातो.

रेघ_आणि_टिंब:
वरच्या सरांशी सहमत, फक्त मधली एक पायरी राहतेय असं मला वाटतं. जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात हेच मांडलं होतं, आधी हाताने कृती, मग चित्र, मग चिन्ह. आपण कृतीवरून थेट चिन्हावर उडी मारतो. गठ्ठा म्हणजे उभी रेघ, सुटी काडी म्हणजे टिंब, एवढंच ठरवायचं. ५२ म्हणजे पाच रेघा दोन टिंबं, गठ्ठा सोडायचा असला की एक रेघ खोडून तिथे दहा टिंबं काढायची. काही मुलं रेघ खोडतात आणि टिंबं नऊच काढतात किंवा काढतच नाहीत, म्हणजे नेमकं कुठे अडलंय ते कागदावर सापडतं, काड्या तर आवरून ठेवल्या की काहीच मागे राहत नाही. हे किती दिवस करायचं? मुलं स्वतःच टिंबं काढायला कंटाळेपर्यंत. "बाई, मी डायरेक्ट बारा लिहू का?" असं आलं की समजायचं झालं.

मणीमाळ:
दोन्ही उपाय चांगले आहेत पण त्या मुलाच्या ३५ चं काय? त्याला ते चूक आहे असं सांगून उपयोग नाही, त्याला स्वतःला खटकलं पाहिजे. त्याला म्हणा, तुझ्या वहीच्या ३५ काड्या मांड, काढलेल्या २७ त्यात परत टाक आणि मोज. ६२ भरतील. सुरुवातीला किती होत्या? ५२. एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं, घाईने समजावायला जायचं नाही (मला हे गप्प बसणं शिकायलाच फार वेळ लागला).
अजून एक, संख्या म्हणताना आपल्या भाषेत एकक आधी येतो, बावन्न, सत्तावीस, आणि लिहिताना दशक आधी. त्यामुळे ५२ चं २५ लिहिणारी मुलंही असतील वर्गात. गठ्ठे मांडताना "बावन्न, म्हणजे पाच दशक दोन" असं दोन्ही मोठ्याने म्हणून घ्या. आणि सुरुवातीला दशकाच्या तयार पट्ट्या किंवा ठोकळे नको, पट्टी सोडता येत नाही, बदलून घ्यावी लागते, ती पुढची गोष्ट. गठ्ठा मुलांनी स्वतः बांधलेला हवा, दहा मोजून.

तिसरीची_ताई:
सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस जोडीने, वही शेजारी ठेवून घेतलं. त्या मुलाने ३५ आणि २७ एकत्र केल्या, मोजल्या, पटेना म्हणून परत मोजल्या, मग मला म्हणाला, "दहा जास्त झाल्या, एक गठ्ठा कुठून आला?" आणि वही ओढून स्वतःच दशकाच्या घरात बघायला लागला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! ३५ लिहिणारी आता सहा-सात मुलं उरलीत, त्यांच्यासोबत रेघा-टिंबं चालू आहेत.
आज पुढची अडचण आली. ५०३ मधून १२७. दशकात गठ्ठाच नाही, तर मुलांनी शंभराचा मोठा गठ्ठा सोडला आणि सगळ्या शंभर काड्या सुट्या करून बसली, उत्तर ३७६ बरोबर आलं पण वहीत काय लिहायचं ते कुणालाच कळेना. मोठा गठ्ठा सोडून आधी दहा गठ्ठे, मग त्यातला एक सोडायचा, हे मी सांगून टाकू की अजून वाट बघू?

सुटा_गठ्ठा:
सांगू नका. शंभरचा गठ्ठा सुट्या काड्यांचा न बांधता दहा गठ्ठे एकत्र बांधून द्या, वरचं रबर काढलं की आत गठ्ठेच निघतील.