पंपाची 'सवय' लागते म्हणजे नेमकं काय होतं?

दम्याचा निळा पंप (इनहेलर) रोज ओढला की त्याची सवय लागते का, असं अनेकदा विचारलं जातं. व्यसन लागत नाही, पण पेशीच्या पातळीवर बदल होतो हे खरं.

निळ्या पंपातलं औषध, साल्ब्युटामॉल, श्वासनलिकेच्या स्नायूपेशींवरच्या बीटा-२ रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं. हे प्रथिन पेशीच्या पडद्यातून ७ वेळा आरपार गेलेलं असतं. बाहेर औषध बसलं की आतली बाजू हलते, निरोप पुढे नेणारं जी-प्रथिन जागं होतं, सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि आवळलेला स्नायू काही मिनिटांत सैल पडतो. परिणाम टिकतो ४ ते ६ तास.

मात्र तोच रिसेप्टर सारखा चेतवला, तर पेशी त्याच्या आतल्या शेपटीला फॉस्फेट जोडते. मग बीटा-अरेस्टिन नावाचं दुसरं प्रथिन तिथे येऊन बसतं, निरोप तुटतो आणि रिसेप्टर आत ओढला जातो. काही परत वर येतात, काही मोडीत निघतात. म्हणून त्याच औषधाचा परिणाम थोडा कमी होतो. (रिसेप्टरच्या या घराण्यावरच्या कामासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.)

त्याहून मोठा धोका म्हणजे नलिकेतली सूज. तिला हे औषध हातच लावत नाही. सूज उतरवायला स्टिरॉइडचा पंप लागतो. शिवाय स्टिरॉइडमुळे पेशी नवे बीटा-२ रिसेप्टर जास्त बनवते. म्हणून 'स्टिरॉइड नको, निळाच बरा' हा हिशेब उलटा आहे. २०१९पासून 'जीना' (GINA) या दम्यावरच्या जागतिक उपक्रमाची मार्गदर्शक तत्त्वंही दम्यात नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असंच सांगतात.

आणखी एक: प्रोप्रॅनोलॉलच्या (रक्तदाब, धडधड यांवरच्या) गोळ्या किंवा काचबिंदूचे टिमोलॉल थेंब हाच बीटा-२ रिसेप्टर अडवतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा असल्याचं आवर्जून सांगा.