पॅनेल ४ (मॉरिशसचा नकाशा) : गुरुवारी पाचला फाइल द्यायची आहे

प्रेषक: सचिव
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी,

गणपतीतल्या आपल्या प्रदर्शनाची पॅनेल १, २ आणि ३ आज छापायला गेली. ४ अडकलंय आणि फक्त नकाशापायी. आप्पांनी पाठवलेला नकाशा आणि काकूंनी पाठवलेला नकाशा एकाच देशाचे वाटत नाहीत. पॅनेल नेहमीचंच, ८५ सेंटिमीटर रुंद आणि दोन मीटर उंच. दोन्ही नकाशे आणि नानांचा मजकूर असं सगळं त्यात बसत नाही. जे काही ठरवायचं ते बुधवार रात्रीपर्यंत ठरवा. गणपती २७ तारखेला आहेत आणि छापखान्याला दहा दिवस लागतात.

आणखी एक. मजकूर कोणीही वर्डमध्ये पाठवू नका. गेल्या वर्षी वेलांट्या अक्षरांपासून सुटून शेजारी जाऊन बसल्या होत्या आणि ते पॅनेल तीन दिवस तसंच उभं होतं. मी अक्षरांचं चित्र करून देणार आहे, त्यामुळे एकदा फाइल गेली की काना-मात्राही बदलता येणार नाही.

सचिव

---

प्रेषक: आप्पा
सोमवार, रात्री

सचिवसाहेब,

माझा नकाशा अख्ख्या प्रजासत्ताकाचा आहे आणि तोच बरोबर आहे. तीस वर्षं जहाजावर काढली, त्या पाण्यातून कितीदा गेलोय. मॉरिशस म्हणजे एक बेट ही समजूत सहलीच्या जाहिरातींनी करून दिली आहे. मोठं बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं. पूर्वेला साडेपाचशेहून जास्त किलोमीटरवर रॉड्रिग्ज, त्याला २००२ पासून स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे. ईशान्येला चारशेहून जास्त किलोमीटरवर सेंट ब्रँडनची वाळूची बेटं, तिथे मासेमार राहतात. उत्तरेला हजारावर किलोमीटर गेलं की आगालेगाची दोन बेटं, जिथे भारताने धावपट्टी आणि धक्का बांधून दिला, २९ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालं. आणि ब्रिटनच्या ताब्यातली चागोस बेटं, दिएगो गार्सियासकट. सगळी जमीन मिळून जेमतेम २,०४० चौरस किलोमीटर, पण समुद्रातला हक्काचा पट्टा सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर. देश पाण्यात आहे, मंडळी. पाणी दाखवलं नाही तर काय दाखवलं?

८५ सेंटिमीटरची पूर्ण रुंदी द्या. सगळं बसतं, मी पट्टी घेऊन मोजलंय.

आप्पा

---

प्रेषक: वाक्वाच्या काकू
मंगळवार, १२ ऑगस्ट

आप्पा, नमस्कार.

मीही पट्टी घेऊन बसले होते. आगालेगापासून दिएगो गार्सियापर्यंतचा पसारा ८५ सेंटिमीटरमध्ये घातला तर एका सेंटिमीटरला वीस किलोमीटर पडतात. आमचं बेट उत्तर-दक्षिण ६५ किलोमीटर, म्हणजे कागदावर तीन सेंटिमीटरहून थोडं जास्त. एका बोराएवढं. रॉड्रिग्ज साबुदाण्याएवढं. त्या बोरावर मी वाक्वा कुठे लिहू, कास्कावेल कुठे लिहू, हेनरिएटा कुठे लिहू? पोर्ट लुईला मजूर जहाजातून उतरायचे तो आप्रवासी घाट कुठे दाखवू?

मंडळाने हे पॅनेल घेतलं ते तिथल्या मराठी माणसांसाठी ना? की मला चुकीचं आठवतंय? जूनच्या बैठकीत तसंच ठरलं होतं.

माझे पणजोबा मुंबईहून जहाजाने आले. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांच्या, नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत, तिथे मी आईबरोबर गेले होते. वहीत त्यांचा क्रमांक, जहाज, उंची, अंगावरची खूण आणि इंग्रजी कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं ‘रत्नागिरी’. आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव. तेच पुढे आमचं आडनाव झालं. माझ्या आईने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. १८३४ ते १९१० या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून तिथे उतरली. बहुतेक बिहारची, मग तमिळ, तेलुगू, आणि मुंबईहून चढलेले आपले कोकणातले. आमच्याकडे आज घरात क्रिओल बोलतात, पेपर फ्रेंच वाचतात, कचेरीचे कागद इंग्रजीत असतात, आणि गणपतीपुढे जाखडी मराठीत होते. गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सरकारी सुट्टी असते. भारताबाहेर अशी सुट्टी असलेल्या देशाचा नकाशा बोराएवढा काढायचा?

आणि कृपा करून ‘वाकोआस’ लिहू नका. वाक्वा.

काकू

---

प्रेषक: नाना
मंगळवार, दुपार

काकूंनी नोंदवहीचं लिहिलेलं वाचून फार बरं वाटलं. पण ते बाजूला ठेवून एक सांगतो. मसुद्यात कोणीतरी “ऊस हा अर्थव्यवस्थेचा कणा आहे” असं घातलंय. माझ्या मजकुरात ते नव्हतं. ते काढा.

१९६८ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ते खरं होतं. निर्यातीचा नव्वद टक्क्यांहून अधिक पैसा साखरेचा होता, एखादं चक्रीवादळ आलं की वर्ष गेलं. १९७० मध्ये निर्यात उद्योगांसाठी कायदा केला, हाँगकाँगच्या लोकांनी कपड्याचे कारखाने काढले, आणि बायका पहिल्यांदा मोठ्या संख्येने पगारावर गेल्या. मी तिथे स्वेटर विणायच्या यंत्रांच्या देखभालीला चार वर्षं होतो. क्युरपिपला सकाळी धुकं आणि झिमझिम पाऊस, स्वेटर घालून निघायचं, आणि अर्ध्या तासात खाली पोर्ट लुईला उतरलं की घामाच्या धारा. आग्नेयेचे वारे मधल्या पठारावर पाऊस टाकतात आणि पश्चिमेचा किनारा कोरडा राहतो. हे नकाशावर रंगाने दाखवता आलं तर मुलांना समजेल.

साखरेचं म्हणाल तर युरोपने २००६ ते २००९ मध्ये हमीचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला. गिरण्या आता तीनच उरल्यात, पण उसाच्या चिपाडांवर वीज करतात. आज पर्यटन, कापड, बँका आणि परदेशी कंपन्यांची कामं, या सगळ्यांचा मिळून कणा आहे. भारतात पैसा मॉरिशसमार्गे यायचा तो १९८३ पासून लागू असलेल्या दुहेरी कर टाळायच्या करारामुळे, आणि २०१६ मध्ये तो करार बदलल्यावर ती वाट अरुंद झाली. हे माझ्या मजकुरात होतं. ते कोणी कापलं ते कळेल का?

नाना

---

प्रेषक: खजिनदार
मंगळवार

पाचव्या पॅनेलला पैसे नाहीत, हे आधीच सांगतो, कारण आता कोणीतरी तेच सुचवणार. दिवाळीच्या हॉलची अनामत अजून परत आलेली नाही.

---

प्रेषक: बालवर्गाच्या ताई
मंगळवार, रात्री

नाना, मजकूर मी कापला. बेचाळीस ओळी होत्या. मुलं पॅनेलसमोर फार वेळ थांबत नाहीत, हे मी दर रविवारी बघते. राग मानू नका.

मला वेगळ्या गोष्टीची काळजी आहे. मसुद्यात “मॉरिशसमधील मराठी लोकसंख्या” असा रकाना आहे आणि प्रत्येकाने वेगळा आकडा भरलाय. तो रकानाच काढावा. तिथली जनगणना धर्म आणि भाषा विचारते, जमात विचारत नाही. जमातवार शेवटची मोजणी १९७२ ची. राज्यघटनेत चारच गट आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे ‘सर्वसाधारण’. म्हणजे मराठी माणूस कायद्याच्या कागदावर हिंदूंमध्ये मोजला गेला. भाषेच्या रकान्यावरून मराठी माणसं मोजायची तर घरात क्रिओल बोलणाऱ्या काकूंच्या भावाला कुठे धरणार?

तीच जुनी मोजणी निवडणुकीतही लागते, आणि हे मात्र मुलांना सांगण्यासारखं आहे. मोठ्या बेटावर वीस मतदारसंघ, प्रत्येकातून तीन आमदार, रॉड्रिग्जचे दोन, एकूण ६२. त्याशिवाय जास्तीत जास्त आठ जागा हरलेल्यांपैकी ज्यांना सर्वांत जास्त मतं पडली त्यांना देतात, म्हणजे एखादी जमात सभागृहात कमी पडली तर भरून निघते. मागच्या रविवारी मी हे वर्गात करून घेतलं. चार रंगांच्या चिठ्ठ्या, बारा मुलं. एक मुलगी हरली आणि तरी आत आली, तेव्हा तिने विचारलं, “मग मी जिंकले का?” वर्ग पुढची दहा मिनिटं त्यावरच बोलत होता.

राष्ट्रपती विधानसभा निवडते, कारभार पंतप्रधानांचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवीनचंद्र रामगुलाम यांच्या आघाडीला ६२ पैकी ६० जागा मिळाल्या. पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम हे त्यांचे वडील. एवढं चार ओळींत बसतं.

ताई

---

प्रेषक: नाना
मंगळवार, रात्री

ताई, राग नाही. पण २०१६ ची ओळ तेवढी ठेवा.

---

प्रेषक: क्रॉलीकर
बुधवार, १३ ऑगस्ट, सकाळ

आप्पांच्या नकाशाबद्दल लिहायचं आहे. उशीर झाला, रात्रपाळी होती.

चागोस मॉरिशसच्याच रंगात रंगवलंय. आमच्या इंग्लंडमधल्या क्रॉलीत चागोसची शेकडो कुटुंबं राहतात. २००२ च्या कायद्याने त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळालं आणि गॅटविकला उतरून ते इथेच स्थिरावले. आमच्या शेजारच्या आजी चागोसमधल्या पेरोस बान्योस बेटांवरच्या. लहान असताना त्यांना बोटीत घातलं. नारळाचं खोबरं वाळवायच्या कामावर आईवडील होते, घर होतं, कुत्रा होता. एकच ट्रंक बरोबर घेऊ दिली. १९६८ ते १९७३ मध्ये सगळी बेटं अशी रिकामी केली, कारण दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ व्हायचा होता. आजी पोर्ट लुईच्या गोदीजवळ झोपडीत वाढल्या. त्यांच्याशी तिथे कोणी चांगलं वागलं नाही, हे त्या स्पष्ट सांगतात. २२ मे ला करार झाला तो टीव्हीवर बघताना त्या म्हणाल्या, “मला कोणी विचारलं?” त्यांच्या मुलाचं मत उलटं आहे. त्याला बेटावर जायला मिळेल अशी आशा वाटते.

आजी दरवर्षी आपल्या आरतीला येतात. मोदक घेतात. त्या पॅनेलसमोर उभ्या राहणार आहेत, हे ध्यानात ठेवून रंग ठरवा.

---

प्रेषक: आप्पा
बुधवार, दुपार

क्रॉलीकर, तुमचं पत्र दोनदा वाचलं.

तरी चागोस नकाशावर हवंच. १९६५ मध्ये स्वातंत्र्याच्या आधी ब्रिटनने तीस लाख पौंड देऊन ते मॉरिशसपासून तोडून घेतलं. २०१९ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की ते तोडणं बेकायदा होतं, मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांत ११६ विरुद्ध ६ असं मतदान झालं. आता ब्रिटन आणि मॉरिशसच्या करारात सार्वभौमत्व मॉरिशसचं आणि दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, असं लिहिलंय. मंजुरीचे टप्पे बाकी आहेत. नकाशातून गाळलं तर आपण जुन्या लोकांचंच काम करतो.

पण आजींचं म्हणणं पटलं. रंग एकच ठेवतो आणि शेजारी दोन ओळी लिहितो: तिथे माणसं राहत होती, त्यांना कधी आणि का हलवलं. सालासकट. पेरोस बान्योसचं नाव ठळक घालतो. आजींना आधी दाखवाल का? त्या नको म्हणाल्या तर पुन्हा बोलू.

---

प्रेषक: वाक्वाच्या काकू
बुधवार, संध्याकाळ

आप्पा, त्या दोन ओळी जरूर घाला. पोर्ट लुईला आम्हीही चागोसच्या लोकांना ‘इलुआ’, म्हणजे बेटांवरचे, म्हणून वेगळं धरायचो. माझ्या वर्गात दोन मुली होत्या, मी त्यांच्याशेजारी कधी बसले नाही. आजींना माझा नमस्कार सांगा, मी आरतीला भेटेन.

नकाशाचं असं करू या. खाली मोठं बेट, ८५ सेंटिमीटर पूर्ण रुंदी, त्यावर गावं. त्याच्या वर आप्पांचा समुद्र, पण तीस सेंटिमीटर चौकोनात. तिथे आमचं बेट सेंटिमीटरभर झालं तरी चालेल, कारण खाली ते मोठं आहेच. दोन्हींना जोडणारी एक रेघ. मोठ्या बेटाभोवतीचं प्रवाळ आप्पांनी काढून द्यावं. २०२० च्या जुलैत वाकाशिओ जहाज त्यावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल सांडलं, तेव्हा माझ्या भाच्यांनी उसाचा पाला कापडात भरून तेल अडवायचे लांबच लांब नळे शिवले होते. त्या किनाऱ्यावर, आग्नेयेला, एक खूण हवी.

---

प्रेषक: आप्पा
बुधवार, रात्री

तीस सेंटिमीटर फार कमी आहे. पस्तीस द्या, तर आगालेगाचं नाव वाचता येईल. प्रवाळ आज रात्री काढून देतो.

---

प्रेषक: सचिव
गुरुवार, १४ ऑगस्ट, सकाळी ७

पस्तीस दिले. त्यासाठी नानांच्या मजकुरातल्या आणखी सहा ओळी गेल्या, २०१६ ची ओळ आहे. कण्याची ओळ काढली. लोकसंख्येचा रकाना काढला. नानांचे पावसाचे रंग मोठ्या बेटावर घेतले, पठार गडद आणि पश्चिम फिकट. ताईंच्या चार ओळींखाली १२ मार्च १९६८ स्वातंत्र्य आणि १२ मार्च १९९२ प्रजासत्ताक एवढंच घातलंय. उरलेली निवडणूक त्या चिठ्ठ्यांनी करून दाखवतील, टेबल पॅनेलच्या डावीकडे ठेवू.

क्रॉलीकर रात्री आजींकडे जाऊन आले. आजींनी दोन ओळींत एक बदल सांगितला: ‘हलवलं’ नको, ‘घराबाहेर काढलं’ लिहा. लिहिलं.

काकू, मोठ्या बेटावर गावांची नावं देवनागरीत आहेत. वाक्वा, कास्कावेल, हेनरिएटा, क्युरपिप, मोका, ल मॉर्न, गंगा तलाव. कामावर निघण्याआधी एकदा डोळ्याखालून घाला. दुपारी तीननंतर मी अक्षरांचं चित्र करणार.

---

प्रेषक: वाक्वाच्या काकू
गुरुवार, सकाळी ७:४०

बघितलं. कास्कावेल आणखी पश्चिमेला सरकवा, समुद्राच्या बाजूला. बाकी बरोबर आहे.