हर्पिसच्या रक्तचाचणीचा अहवाल नेमका कसा वाचावा?

प्रश्न:
लग्नाआधी दोघांनीही तपासण्या करून घ्याव्यात असे आम्ही ठरवले आणि कसलीही लक्षणे नसताना हर्पिसची (फोड आणणाऱ्या विषाणूजन्य संसर्गाची) रक्तचाचणीही त्यात केली. एचएसव्ही-१ आणि एचएसव्ही-२ हे या विषाणूचे दोन प्रकार, त्यांपैकी दुसरा मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरणारा; आणि आयजीजी व आयजीएम हे त्यांच्याविरुद्ध रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांचे (अँटिबॉडींचे) दोन प्रकार, एवढेच मला कळले आहे. माझ्या अहवालात एचएसव्ही-१ आयजीजी पॉझिटिव्ह, एचएसव्ही-२ आयजीजी १.६ म्हणजे तेही पॉझिटिव्ह आणि खाली आयजीएमही पॉझिटिव्ह असे छापलेले आहे. माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे तिन्ही निकाल निगेटिव्ह आहेत. आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग ताजा, असे त्याच्या वाचनात आल्यापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही. त्याच्याखेरीज माझा कोणाशीही शारीरिक संबंध आलेला नाही. या अहवालातून खरोखर काय सिद्ध होते?

प्रतिसाद १:
मी अशाच चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. आयजीएमचा निकाल कृपया बाजूला ठेवा. ही चाचणी एचएसव्ही-१ आणि एचएसव्ही-२ यांत खात्रीने फरक करू शकत नाही, आणि जुना संसर्ग पुन्हा उफाळला तरीही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे तिच्यावरून संसर्ग ताजा असल्याचे ठरवणे चुकीचे आहे. माझ्या मते ती अहवालात असायलाच नको.

आता १.६ या आकड्याविषयी. प्रचलित चाचण्यांत ०.९ च्या खाली निगेटिव्ह, ०.९ ते १.१ अनिर्णित आणि त्यापुढे पॉझिटिव्ह धरतात. मात्र १.१ ते ३ या पट्ट्यातले अनेक निकाल पुढे खोटे पॉझिटिव्ह ठरतात. म्हणूनच अमेरिकेतील सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३ पेक्षा कमी आलेला निकाल वेगळ्या पद्धतीच्या दुसऱ्या चाचणीने पडताळून पाहावा लागतो. वेस्टर्न ब्लॉट ही त्यासाठीची सर्वांत भरवशाची चाचणी मानली जाते. ती होईपर्यंत तुम्हाला एचएसव्ही-२ आहे असे कोणीही म्हणू नये, तुम्ही स्वतःही नाही.

प्रतिसाद २:
एचएसव्ही-१ च्या निकालाने तर मुळीच घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील पन्नाशीच्या आतील सुमारे दोन तृतीयांश लोकांना हा विषाणू आहे आणि पुष्कळांना तो लहानपणीच, घरातल्या कोणी घेतलेल्या पाप्यातूनही लागलेला असतो. तो ओठांवर आहे की जननेंद्रियांवर, हे रक्तावरून कळत नाही.

प्रतिसाद ३:
आम्हा पतिपत्नींपैकी एकालाच एचएसव्ही-२ आहे आणि तो संसर्ग आमच्या ओळखीच्याही आधीचा असावा, इतकेच डॉक्टर सांगू शकले. प्रतिपिंडे कधी तयार झाली याची तारीख कोणतीही रक्तचाचणी देत नाही, आणि अनेकांना वर्षानुवर्षे एकही फोड येत नाही. त्यामुळे पडताळणीत पॉझिटिव्ह आले तरी त्यावरून विश्वासघाताचा निष्कर्ष काढता येत नाही. ज्याला संसर्ग आहे त्याने रोज व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध घेतल्यास जोडीदाराला लागण होण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. कंडोमनेही तो कमी होतो, पण पूर्णपणे जात नाही. आम्ही दोन्ही पाळतो. आपण दोघे एकत्रच डॉक्टरांकडे जा, कारण हीच माहिती आपल्या तोंडून ऐकताना आपल्या होणाऱ्या नवऱ्याला ती सबब वाटू शकते.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी त्यालाही वाचायला देणार आहे. एकच शंका उरते: त्याचे निकाल निगेटिव्ह आहेत, ते तरी पक्के धरावेत का?

प्रतिसाद १:
सरसकट नाही. एचएसव्ही-१ ची आयजीजी चाचणी जुना संसर्गही बऱ्याचदा पकडत नाही, आणि नव्या संसर्गानंतर प्रतिपिंडे दिसायला १२ आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. पडताळणीसाठी जाल तेव्हा त्यांचीही चाचणी पुन्हा करावी का, हे डॉक्टरांना विचारा. आणि दोघांपैकी कोणालाही कधी फोड किंवा व्रण दिसला, तर तो सुकण्याआधीच त्याच्या स्रावाची पीसीआर तपासणी (विषाणूची जनुकीय सामग्री थेट शोधणारी) करून घ्या. तिचा पॉझिटिव्ह निकाल रक्तचाचणीपेक्षा कितीतरी स्पष्ट असतो आणि विषाणूचा प्रकारही त्यातून कळतो.