मोठ्या टीव्हीवर पीसी जोडला की माउस जड का वाटतो?

प्रश्न: ५५ इंची ४के टीव्हीवर पीएस५ (गेम कन्सोल) मस्त चालतो. त्याच टीव्हीला पीसी जोडला की माउस मागे रेंगाळतो, अक्षरं फुटतात, १२० हर्ट्झही (सेकंदाला १२० चित्रं) दिसत नाही.

उत्तर १: कन्सोल टीव्हीला स्वतःच गेम मोड (चित्रातला उशीर कमी करणारी सेटिंग) लावायला सांगतो. पीसीवर तो बहुतेकदा रिमोटने लावावा लागतो. शिवाय पीसी जोडलेल्या इनपुटला टीव्हीच्या मेनूत ‘पीसी’ नाव द्या. बऱ्याच टीव्हींवर तेवढ्यानेच ४:४:४ रंग (प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण रंग) मिळून अक्षरं स्पष्ट होतात.

उत्तर २: ४के १२० हर्ट्झसाठी ग्राफिक्स कार्ड आणि टीव्ही, दोन्हीकडे एचडीएमआय जोडणीची २.१ आवृत्ती हवी. जुन्या २.० चे सेकंदाला १८ गिगाबिट ४के ६० हर्ट्झलाच संपतात. टीव्हीचे सगळे पोर्ट २.१ नसतात, मागची खूण बघा. केबल ‘अल्ट्रा हाय स्पीड’च.

उत्तर ३: आणि केबल मदरबोर्डात (पीसीच्या मुख्य बोर्डावरच्या पोर्टात) तर खोचली नाही ना? ग्राफिक्स कार्डातच हवी.