मदत हवी आहे: दहा अंकी संख्या मूळ आहे की नाही?

अंकवेल: दोन रात्री यातच गेल्या. ५९९ पर्यंतच्या सगळ्या, म्हणजे १०९ मूळ संख्यांनी भागून झालं, एकदाही बाकी शून्य नाही. प्रोग्रॅम नुसता १ छापून थांबतो. मूळ आहे असं धरून पुढे जाऊ का? लवकर सांगा.

बाकीशून्य: संख्या कुठाय?

अंकवेल: राहिलीच. ४२९४९६७२९७.

रिकामा_संच: अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ ने भाग जात नाही. ११ ची कसोटीही लावून पाहिली, तिनेही नाही.

अंकवेल: ५९९ पर्यंत भागलंय, वर लिहिलंय ना!

घातांक: संख्येच्या वर्गमूळापर्यंत भागून बघावं लागतं, आणि ते ६५५३६ च्या किंचित पुढे आहे. तिथवर ६५४२ मूळ संख्या येतात, तुम्ही १०९ वर थांबलात. प्रोग्रॅम कुठल्या भाषेत? संख्या कशात साठवलीत?

अंकवेल: सी. अनसाइन्ड इंट.

घातांक: मग १ च येणार. तो प्रकार ३२ बिटांचा, त्यात ४२९४९६७२९५ पर्यंतच मावतं. त्यापुढची ० होते, तिच्यापुढची १. ६४ बिटांचा प्रकार घ्या.

मोड्युलो: एवढा खटाटोप कशाला? फर्माची कसोटी लावा. २ चा (संख्या − १) इतका घात घेऊन संख्येने भागा, बाकी १ आली की मूळ. मी कायम हीच वापरतो. आत्ता केली, १ आली. मूळ आहे.

घातांक: नाही. ही २^३२ (२ चा ३२ वा घात) + १ आहे. ३२ च्या जागी १, २, ४, ८, १६ घेतलं की येणाऱ्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ याच घराण्यातल्या, आणि या घराण्यातली प्रत्येक संख्या मूळ असो वा नसो, पाया २ ला (म्हणजे २ चा घात घेतला की) बाकी १ च देते. पाया ३ घेऊन बघा. कसोटीवाला गणिती फर्मा स्वतः हिला मूळ समजत होता. गणिती ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ ने भागून दाखवली.

अंकवेल: ६४१? ५९९ नंतरची सातवीच की!

 

मोड्युलो: पाया ३ ला १ येत नाही, मान्य. पण एरवी माझी पद्धत चालते.

घातांक: ३४१ ला लावा. ११ × ३१ असूनही पास होते.

बाकीशून्य: ६४१ नुसत्या नशिबाने सापडली नाही. हिचा अवयव ६४क + १ (क ही कुठलीही पूर्ण संख्या) अशाच रूपाचा लागतो. मूळ तेवढ्या घेतल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१. मला मात्र पुढचं जास्त आवडतं: ६४१ = ५ × २^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ला ६४१ ने भागलं की बाकी −१ (म्हणजे ६४१ ला एक कमी), चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा. −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ला भाग जातोच. भागाकार करावाच लागत नाही.

अंकवेल: मी केला तरी. ६७००४१७, बाकी शून्य. आता हिचेही अवयव पाडायचे?

घातांक: हो. हिचे अवयव ते २^३२ + १ चेही अवयव, आणि गणिती ल्युकाच्या आणखी कडक नियमाने ते ६४क नव्हे, १२८क + १ रूपाचेच. वर्गमूळ २५८८, तिथवर अशा मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९.

अंकवेल: बाक्या १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणजे ६७००४१७ मूळ आहे!