विंडोज सोडताना जुनी डिस्क फॉरमॅट करायची की हातच लावायचा नाही?

शहापूरचा डीटीपीवाला
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानातली दोन्ही मशिनं इंटेलच्या सहाव्या जनरेशनची, त्यामुळे विंडोज ११ च्या यादीत ती बसत नाहीत. एकावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली घालणार आहे. दुसऱ्याचं नेट काढून त्यावर विंडोज आणि पानं मांडायचं जुनं पेजमेकर चालू ठेवणार.

माझं मत ठाम आहे. ज्या डिस्कवर काम आहे, तिच्यावर इन्स्टॉलर चालवायचाच नाही. ती काढून बाजूला ठेवायची आणि नवी २५६ जीबीची एसएसडी घालून तिच्यावर मिंट. बारा वर्षांच्या लग्नपत्रिका, गणेश मंडळांच्या पावत्या, कार्यअहवाल सगळं त्या एका डिस्कवर आहे. 'डिस्क पुसून टाका'वर चुकून टिचकी पडली की संपलं.

खानापूरकर
एवढं भिण्यासारखं काय आहे त्यात? माझा एकच लॅपटॉप. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसून ६० जीबी जागा काढली, तिथं मिंट घातलं. डी ड्राइव्ह विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमध्येच ठेवला, दोन्हीकडून उघडतो. फक्त आधी फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलंच राहतं, आणि मग लिनक्समधून तो ड्राइव्ह वाचता येतो पण त्यावर लिहिता येत नाही. शिकणाऱ्या पोरांना 'नवी एसएसडी घ्या' म्हणून सांगू नका. सगळ्यांना ते परवडत नाही.

निपाणीहून
दोघांचंही पटत नाही. विंडोज सोडायचं तर एनटीएफएसही सोडा. त्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या त्या भागात, बिघाड झाला तर तो नीट दुरुस्त करायला विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क लागतं. लिनक्समधलं एनटीएफएसफिक्स जुजबी डागडुजी करतं, तेवढंच. विंडोजच काढून टाकलंत तर त्या दिवशी कुणाच्या दारात जाणार? एनटीएफएसचं जागच्या जागी एक्स्ट४, म्हणजे लिनक्सचा फॉरमॅट, होत नाही. डेटा दुसरीकडे कॉपी करा, फॉरमॅट करा, परत आणा. एक दिवस जाईल, पण कायमची कटकट मिटेल.

शहापूरचा डीटीपीवाला
@निपाणीहून, चेकडिस्कचा मुद्दा बरोबर आहे, मी त्याचा विचार केला नव्हता. पण 'कॉपी करा' म्हणताना काय कॉपी करायचं ते आधी बघा की! आमच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत. मराठी मजकूर श्री-लिपीत, कन्नड अर्ज जुन्या नुडीत, म्हणजे ते ते फाँट असले तरच वाचता येणारे. फाँट सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात. डी जपला आणि सी पुसला, तर पत्रिका उघडेल पण वधूवरांच्या नावांच्या जागी निव्वळ चिन्हांचा कचरा दिसेल. सीमाभागात दोन लिप्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाची ही अडचण आहे, आणि पार्टिशनच्या चर्चेत ती कुणी काढत नाही. म्हणून म्हणतो, अख्खी डिस्क जशीच्या तशी ठेवा.

टिळकवाडी
ठेवा, पण कपाटातली एकच डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. इतकी वर्षं फिरलेली हार्ड डिस्क कधीही बसेल. दुसरी प्रत हवीच. पेनड्राइव्हवर घेणार असाल तर तो एफएटी३२ फॉरमॅटचा नको, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, एक्सफॅट करा.

लॅपटॉपवाल्यांनी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का ते बघावं. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. नसेल हाताशी, तर तुमचीच डिस्क तुम्हाला उघडणार नाही.

खानापूरकर
फाँटचं मान्य. माझ्याकडे तसलं काम नाही म्हणून सुचलं नाही. पण पार्टिशन आकसणं धोक्याचंच, असं सरसकट म्हणू नका. लॅपटॉपला बॅटरी असते. शेजारच्या डेस्कटॉपवर हेच करत होतो, बाहेर पाऊस, यूपीएस नाही, आणि मधेच लाईट गेली. त्यांचं पार्टिशन परत उघडलंच नाही. फोटो माझ्या सांगण्यावरून आधी कॉपी केले होते म्हणून वाचले. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर तुमचीच पद्धत बरी.

निपाणीहून
मी अजूनही एक्स्ट४ च म्हणेन. दोन प्रती झाल्यावर तरी जुनी डिस्क फॉरमॅट कराल की नाही?

शहापूरचा डीटीपीवाला
नाही करणार. दुसरी प्रत एक्स्ट४ वर घेतो, तेवढं तुमचं ऐकलं. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा आधी फाँटचं फोल्डर, मग बाकीचं. कॉपी झाल्यावर दरवर्षीची एक मराठी पत्रिका आणि एक कन्नड अर्ज त्या प्रतीतल्या फाँटनिशी एक्सफॅट पेनड्राइव्हवर घेऊन (विंडोज एक्स्ट४ थेट वाचत नाही) पेजमेकरच्या मशिनवर उघडून बघणार. ते नीट दिसलं तरच जुनी डिस्क काढायला स्क्रू उघडेन.