मदत हवी आहे: ईबीजीपी मल्टिहॉप सेशन उभं, पण ट्रॅफिक मधल्या राउटरवरच अडतंय

तीन राउटर ओळीत आहेत: क, ख, ग. क (एएस, म्हणजे स्वतंत्र चालवलेलं नेटवर्क, ६५००१) आणि ग (एएस ६५००३) यांच्यात थेट लिंक नाही. मधला ख बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना रूट कळवण्याचा प्रोटोकॉल) चालवत नाही. पीअरिंग (बीजीपीची जोडणी) लूपबॅकवरून (राउटरच्या आतला, कायम चालू पत्ता): १०.२५५.०.१ आणि १०.२५५.०.३.

ईबीजीपीचा (दोन वेगळ्या एएसमधल्या बीजीपीचा) टीटीएल (पॅकेट किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा) मुळात १, म्हणून दोन्हीकडे मल्टिहॉप २ आणि अपडेट-सोर्स लूपबॅक दिलंय. लूपबॅकसाठी /३२ स्टॅटिक रूट तिन्हींवर आहेत (नुसत्या डिफॉल्ट रूटवर सिस्कोमध्ये असं सेशन उभंच राहत नाही, इथेच बरेच जण अडकतात). सेशन एस्टॅब्लिश्ड आहे, प्रीफिक्सही (नेटवर्कचे पत्ते) येतात.

अडचण पुढे. ग मागचं १७२.१६.३०.०/२४ क च्या टेबलात दिसतं, पण ट्रेसराउट ख वर थांबतं. साहजिकच, ख पॅकेटचं डेस्टिनेशन बघतो, क ने ठरवलेला नेक्स्ट-हॉप (पुढचा राउटर) नाही, आणि त्या नेटवर्कचा रूट त्याच्याकडे नाही.

प्रीफिक्स सतत बदलतात, म्हणून ख वर स्टॅटिक रूट टाकत बसणं नको. बीजीपी चालवण्याइतकी मेमरीही त्याच्यात नाही. मग क ते ग जीआरई टनेल (पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून नेणारी वाट) टाकून त्यावरच पीअरिंग करावं का? जादा हेडरचे २४ बाइट जाऊन एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५०० चा १४७६ उरतो. एमएसएस (टीसीपीच्या एका तुकड्यातला कमाल डेटा) १४३६ ठेवला तर पुरेल ना? टनेलची टोकं त्याच लूपबॅकवर ठेवायची आहेत. स्टॅटिकचं डिस्टन्स (कमी आकड्याचा रूट आधी निवडला जातो) १, ईबीजीपीचं २०. तेव्हा रिकर्सिव्ह राउटिंग (टनेलच्या टोकाचा रस्ता टनेलमधूनच जाणं) होऊ नये. की काही सुटतंय?